ओल आणि वाटेकरी

तेलीबाग हे नाव ऐकून बाग शोधायला गेलात तर फसाल. लखनौची छावणी मागे टाकून रायबरेलीच्या रस्त्याला लागलं की शारदा कालव्याच्या आसपास ही वस्ती लागते. निवृत्त फौजी, पीजीआयमध्ये दाखल असलेल्यांचे नातेवाईक, औषधांची दुकानं आणि शेजारी आवास विकास परिषदेची वृंदावन योजना. लखनौत अशा बागा पुष्कळ. चारबाग म्हणजे रेल्वे स्टेशन, आलमबाग म्हणजे एसटी स्टँड. झाडं गेली, नावं टिकली.

माझे भाऊजी सैन्यातून निवृत्त होऊन इथेच स्थायिक झाले. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या डोक्यात आलं, की मोहनलालगंजच्या बाजूला एका गावात उभं असलेलं जुनं घर विकत घ्यायचं आणि सावकाश दुरुस्त करायचं. ताईचं मत एका वाक्यात होतं: "आधी आपले गुडघे दुरुस्त करा." पण भाऊजींनी घराच्या फोटोंची फाईलच मला पाठवली, आणि मी तिकीट काढलं.

शहराबाहेर घर बांधायची हौस या बाजूला जुनी आहे. तेलीबागेहून शहराकडे जाताना गोमतीच्या बाजूला वळलं की दिलकुशा कोठी लागते. १८०० च्या सुमारास नवाब सआदत अली खानासाठी गोर औसली या इंग्रज अधिकाऱ्याने ती शिकारीच्या मुक्कामाला बांधली. नमुना घेतला थेट इंग्लंडमधल्या नॉर्थम्बरलंडच्या सीटन डेलाव्हल हॉल या वाड्याचा. गंमत म्हणजे तिला आतलं आंगणच नाही. अवधच्या उन्हाळ्यात बिनचौकाचं घर! १८५७ च्या नोव्हेंबरात जनरल हॅवलॉक इथेच हगवणीने मेला. आज उरल्या आहेत त्या भिंती, मनोरे आणि हिरवळीवरची जोडपी.

जुनं घर विकत घेण्याची खरी गोष्ट मात्र नदीकाठच्या फरहत बख्श कोठीची. क्लोद मार्तें या फ्रेंच माणसाने १७८१ मध्ये ती स्वतःसाठी बांधली. खालचे मजले गोमतीच्या पाण्याला असे लगटून, की पूर चढला की तळघरात पाणी येई आणि वरच्या खोल्या गार राहत. १८०० मध्ये मार्तें वारल्यावर कोठी सआदत अली खानाने विकत घेतली, पन्नास हजार रुपयांना असं सांगतात. दुसरं घर कोणी बळकावू नये म्हणून मार्तेंने त्याची आधीच तजवीज केली होती: कॉन्स्टांशिया, म्हणजे आजची ला मार्टिनिअर शाळा. तिच्याच तळघरात आपल्याला पुरावं, असं त्याने मृत्युपत्रात लिहून ठेवलं. मालकी हक्क शाबूत ठेवण्याचा याहून पक्का दस्त माझ्या पाहण्यात नाही.

भाऊजींचं घर असं राजेशाही नव्हतं. एका तालुकेदाराच्या कारिंद्याने, म्हणजे कारभाऱ्याने, बांधलेलं: पुढे बैठक, मध्ये आंगण, तिन्ही बाजूंनी दालान, मागे विहीर आणि दहाबारा आंबे. असल्या घरांची अवकळा का झाली हे समजायला १ जुलै १९५२ ही तारीख पुरते. त्या दिवशी उत्तर प्रदेशात जमीनदारी संपली. कायद्याच्या कलम ९ ने आबादीतली, म्हणजे आपल्या गावठाणातली, घरं, विहिरी, झाडं जुन्या मालकांकडेच ठेवली. सारा मात्र गेला. घर राहिलं आणि ते शाकारायला लागणारा पैसा गेला. मुलं लखनौला, मग दिल्लीला. आपल्याकडे कूळकायद्यानंतर ओस पडलेले इनामदारांचे वाडे ज्यांनी पाहिलेत त्यांना जास्त सांगायला नको.

भाऊजींनी एक म्हातारा मिस्त्री धरला होता. त्याने पडक्या कोपऱ्यातून एक वीट उपसली आणि माझ्या तळहातावर ठेवली. लखौरी. जेमतेम इंचभर जाडीची, हाताच्या पंजात मावणारी, तव्यावर विसरलेल्या भाकरीसारखी कडांना काळपट. नवाबी लखनौ सगळं या विटेचं आहे, कारण या मैदानात दगड नाही. पातळ वीट आतपर्यंत भाजते आणि भरपूर चुन्यात बसते. तिने कमानी, घुमट, विटेवरची वेलबुट्टी, काय वाटेल ते करता येतं. रेल्वे आणि सरकारी बांधकाम खात्याबरोबर मोठी इंग्रजी वीट आली आणि लखौरीच्या भट्ट्या थंडावल्या. आता दुरुस्तीला लागणारी लखौरी मुद्दाम पाडून घ्यावी लागते, नाहीतर पडलेल्या घरांतून गोळा करावी लागते.

मग मिस्त्रीने भिंतीवरचा पांढरा भुरका बोटाने टिपला आणि जिभेला लावला. "लोना है साहब. सिमिट किसने लगाया?"

आपण म्हणतो खार फुटला, तिकडे म्हणतात लोना लगा. जुन्या भिंतीला पाया असतो, पण ओल अडवणारा थर नसतो. जमिनीतलं पाणी भिंतीत चढतं आणि चुन्याच्या गिलाव्यातून वाऱ्यावर उडून जातं. भिंत पाणी पिते आणि घाम गाळते, एवढंच. पंचवीसेक वर्षांपूर्वी कुणीतरी चांगल्या मनाने कंबरेइतका सिमेंटचा गिलावा चढवला होता. घामाची वाट बंद झाली, तशी ओल वर सरकली आणि सिमेंट संपतं तिथे बाहेर पडू लागली. पाणी उडालं, खार विटेतच गोठले आणि विटांचे पापुद्रे सुटले. घर पावसाने पडत नव्हतं, दुरुस्तीने पडत होतं. मला विचाराल तर आपल्याकडच्या निम्म्या वाड्यांचा मृत्यूही असाच झाला आहे.

यावर इलाज चुनाच, पण तो पोत्यातून येत नाही. कळीचा चुना पाण्यात विझवायचा, मुरू द्यायचा, मग त्यात सुरखी, म्हणजे विटांची भुकटी, घालून मळायचा. नुसता चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत सावकाश घट्ट होतो. सुरखीशी त्याची रासायनिक गाठ पडते आणि तो ओल्यातही आवळतो. वर लखनवी खुराक: बेलफळाचा गर, उडदाची डाळ, गूळ. मिस्त्री हे मोतीचूर वळण्याच्या सुरात सांगत होता. साताऱ्याकडे बैल जुंपून चुन्याचे घाणे फिरत आणि चुना भाजणारे लोणारी ही वेगळी जात होती, हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, मग तुमच्याकडच्या भिंती धडधाकट असतील. मी विषय बदलला.

ओलीवर उतारा होता. कागदांवर?

महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायची तर आधी शेतकरी असल्याचा पुरावा लागतो; उत्तर प्रदेशात ती अट नाही. साडेबारा एकरांची मर्यादा पाहायची आणि विकणाऱ्याचं नाव खतौनीत, म्हणजे तिकडच्या सातबाऱ्यात, 'संक्रमणीय भूमिधर' म्हणून आहे ना, ते पाहायचं. बागेची खतौनी चोख निघाली. उपनिबंधकाकडचा शोध, तिकडच्या भाषेत 'बारासाला', तोही साफ. पण घर होतं आबादीत, आणि आबादीतल्या घराला खतौनी नसते. पिढ्यान् पिढ्या मालकी म्हणजे कब्जा आणि गावाची आठवण. २०२० च्या स्वामित्व योजनेपासून ड्रोनने मोजणी करून 'घरौनी' मिळू लागली आहे. या घराच्या घरौनीवर सात नावं होती.

सात वाटेकऱ्यांना आपण घाबरत नाही. गोव्यात जुनं घर घेणाऱ्याला भावाबहिणींच्या सह्यांबरोबर त्यांच्या नवराबायकोच्या सह्याही लागतात, आणि एखादी वहिनी लिस्बनला असते. घर वक्फ-अलल-औलाद, म्हणजे वंशजांसाठी राखलेलं, नव्हतं याचीही वकिलांनी खात्री केली. तसं असतं तर विक्रीचा प्रश्नच नव्हता. नझूल, म्हणजे सरकारजमा, तेही नव्हतं. हा शब्द नागपूरकरांना समजवावा लागणार नाही; अवधात मार्च १८५८ मध्ये कॅनिंगने जाहीरनामा काढून जवळजवळ सगळी जमीन जप्त केली, तेव्हापासून त्याची धास्ती आहे.

वकील सहाव्या नावापर्यंत माना डोलावत गेले. सातवं विकणाऱ्यांच्या आजोबांच्या धाकट्या भावाचं. तो १९६५ च्या लढाईआधी कराचीला गेला आणि तिथलाच झाला. घरच्यांनी प्रेमापोटी त्याचं नाव कधी काढलं नव्हतं, इतकंच.

वकिलांनी दाखला दिला तो महमूदाबादचा. तिथल्या राजाने १९५७ मध्ये पाकिस्तानचं नागरिकत्व घेतलं, आणि लखनौचा बटलर पॅलेस, हजरतगंजातल्या इमारती, सगळं पुढे शत्रू संपत्ती, म्हणजे शत्रुराष्ट्राच्या नागरिकाची मालमत्ता, ठरून सरकारच्या ताब्यात गेलं. मुलगा भारतीय, भारतात राहणारा. तो २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जिंकलासुद्धा. पण १९६८ च्या शत्रू संपत्ती कायद्यात २०१७ मध्ये दुरुस्ती झाली आणि वारस भारतीय असला तरी त्याला हक्क नाही, असं ठरलं. मोठ्या कोठीला जो नियम तोच कारिंद्याच्या घराच्या सातव्या हिश्शाला. वकिलांनी फाईलची नाडी बांधली आणि चहा मागवला.

बयाणा दिलेला नव्हता, तेव्हा भाऊजींचं नुकसान म्हणाल तर फारसं नाही. फक्त मिस्त्रीच्या सांगण्यावरून त्यांनी उत्साहात आधीच चुना विझवून घेतला होता. तेलीबागेच्या गच्चीवर तो दोन निळ्या पिंपांत आहे. पाण्याखाली ठेवला तर चुना बिघडत नाही, उलट वर्षावर्षाने लोण्यासारखा होत जातो. मेच्या उन्हात पाणी भराभर उतरतं. म्हणून संध्याकाळी भाऊजी गुडघ्यावर हात ठेवून जिना चढतात आणि दोन्ही पिंपांत बादली बादली पाणी ओततात.