काचेआडचे प्रवाळ आणि कॅमेरा

रत्नागिरीस आलेला पाहुणा थिबा राजवाडा पाहून झाला की बहुधा झाडगावच्या मत्स्यालयाकडे वळतो. १९५८ साली स्थापन झालेल्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचे हे मत्स्यालय होय. तेथे हल्ली मुलांपासून आजोबांपर्यंत सर्वांच्या हाती मोबाइल असतो. परंतु घरी येऊन चित्रे पाहावीत, तो माशाऐवजी काचेत उमटलेला आपलाच चेहरा! जिवंत प्रवाळांच्या टाकीचे चित्र तर याहून अवघड. सारा देखावा निळीत बुडवून काढल्यासारखा येतो. तथापि ही विद्या साध्य आहे, व ती निव्वळ करमणुकीची नाही, असे आम्हांस वाटते.

प्रथम काचेचा विचार करू. अनुमती घेऊन भिंग काचेच्या अगदी निकट व समोरासमोर धरावे. ते तिरपे धरल्यास पाण्यातून व काचेतून येणारे किरण वाकून चित्र अस्पष्ट होते. फ्लॅश वर्ज्य समजावा. अंगावर गडद वस्त्रे असावीत. घरची टाकी असल्यास खोलीतील दिवे मालवावेत. चपळ माशाकरिता शटरचा वेग निदान १/१२५ सेकंद ठेवावा. प्रवाळाकरिता कॅमेरा तिपाईवर ठेवून पाणी खेळविणारा पंप क्षणभर थांबवावा, म्हणजे त्याची नाजूक शुंडके हलत नाहीत.

खरी परीक्षा रंगांची. उथळ समुद्रातील बहुतेक प्रवाळांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल वस्ती करून असते; ते प्रकाशाच्या साहाय्याने अन्न तयार करून यजमानास देते. पाण्यात तांबडा प्रकाश लवकर लोपतो व निळा खोलवर पोहोचतो. म्हणूनच अशा टाक्यांवर निळसर दिवे लावतात. आपली दृष्टी हा निळेपणा बऱ्याच अंशी सावरून घेते, कॅमेऱ्यास ते साधत नाही. यास्तव त्याच दिव्याखाली करड्या कागदाचे चित्र घेऊन त्यावरून व्हाइट बॅलन्स ठरवावा. तेवढ्याने न भागल्यास भिंगापुढे नारिंगी फिल्टर लावावा.

रंगांविषयी एवढा आग्रह कशासाठी? समुद्र फार तापला की शैवाल व प्रवाळ यांचे एकत्र बिऱ्हाड मोडते आणि प्रवाळ पांढरे पडते. लक्षद्वीपात १९९८, २०१० व २०१६ साली असे घडले. म्हणजे रंग ही प्रवाळाची नाडीच होय. त्याच प्रवाळाचे दरमहा घेतलेले यथार्थ चित्र त्याच्या प्रकृतीची नोंद ठरते. उलट, शोभेसाठी रंग भडक केलेले चित्र रोग्यास रंग फासून निरोगी म्हणण्यासारखे आहे.

आपल्या कोकणातही मालवणच्या समुद्रात प्रवाळे आहेत, व १९८७ पासून तेथे सागरी अभयारण्य आहे. खडकाळ प्रवाळे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित असल्यामुळे त्यांचा तुकडा शोभेकरिता तोडून आणणे हा गुन्हा आहे. तेव्हा समुद्राचे हे वैभव दिवाणखान्यात आणण्याचा निर्दोष मार्ग एकच: ते जेथे आहे तेथे राहू द्यावे, व त्याचे खरे चित्र तेवढे घरी आणावे.