दशांशाच्या नकाशातलं गाव

इंग्लंडमधल्या एखाद्या खेड्याचा इतिहास शोधायचा असेल, तर जमीनदाराच्या वाड्याआधी १८४० च्या आसपासचा ‘टाइद मॅप’ पाहावा. टाइद म्हणजे दशांश: शेतीच्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा चर्चला द्यायचा, हा तिथला शतकानुशतकांचा रिवाज. धान्य, कोकरं, दूध, सगळ्यावर तो लागू. १८३६ च्या कायद्याने ही वसुली रोखीत आणली आणि रक्कम गहू, बार्ली, ओट यांच्या सात वर्षांच्या सरासरी भावाशी बांधली. कोणत्या तुकड्यावर किती आकारणी, हे ठरवायला शेतन् शेत मोजावं लागलं. त्यातून हजारो गावांचे नकाशे तयार झाले.

नकाशात बहुतेक नुसते आकडे दिसतात. गाव बोलू लागतं ते सोबतच्या तक्त्यात. तो आपल्या सातबाऱ्यासारखा आहे: मालक, कसणारा, शेताचं नाव, जमिनीचा वापर, क्षेत्र. क्षेत्र एकर, रूड आणि पर्चमध्ये. चार पर्च म्हणजे बरोबर आपला एक गुंठा. मालकाचं नाव इतर दस्तांतही सापडतं. पण भाड्याच्या घरात राहणारा आणि परसात भाजी लावणारा माणूस जागेसकट इथे नोंदला गेला, आणि मला हा तक्ता मोलाचा वाटतो तो त्याच्यासाठी. एखाद्या शेताचं नाव ‘ब्रिक किल्न फील्ड’ असेल, तर आज तिथे गवत असलं तरी वीटभट्टीचा माग काढायला सुरुवात करता येते.

विश्वास मात्र तपासून ठेवावा. मोजणीचा खर्च जमीनमालकांच्या माथी होता, म्हणून अनेक ठिकाणी जुनेच नकाशे पुन्हा वापरले गेले. अचूकतेची सरकारी मोहोर थोड्यांनाच मिळाली. लेस्टरशर, नॉर्थॅम्प्टनशरमधल्या पुष्कळ गावांचे टाइद नकाशेच नाहीत. कुंपणबंदीच्या, म्हणजे सामायिक जमिनी वाटून कुंपणं घालण्याच्या, वेळी तिथला दशांश जमीन देऊन आधीच मिटवला होता. तिथे कुंपणबंदीचे नकाशे शोधावेत.

पुढचा टप्पा ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा संस्थेचा. १८५० च्या दशकापासून मैलाला पंचवीस इंच या प्रमाणातले नकाशे निघू लागले. शहरांचे काही आराखडे तर १:५०० इतके तपशीलवार आहेत. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने इंग्लंडचेही असे पुष्कळ नकाशे मोफत पाहायला ठेवले आहेत. टाइद नकाशांची सरकारी प्रत लंडनमध्ये क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. तक्त्यातली नावं १८४१ च्या जनगणनेशी ताडून पाहावीत. जनगणनेत कुटुंब सापडतं, पण खेड्यात घर नेमकं कुठलं ते सहसा कळत नाही. ते नकाशावरच्या आकड्यावरून शोधता येतं.