शिडीच्या पायथ्याशी

त्या मुलाच्या हातांना टर्पेंटाइनचा वास येत होता. नखांच्या कडेला हिरवा ऑइलपेंट होता. सोमवार होता, आणि रविवारचा अख्खा दिवस तो वडिलांबरोबर रंगकामावर होता. समोरच्या कागदावर शिडीचं चित्र होतं, वरच्या पायरीवर १०, तळाशी ०. वर म्हणजे तुझं चांगल्यात चांगलं आयुष्य, खाली म्हणजे वाईटात वाईट. सध्या तू कुठं आहेस? त्यानं फार वेळ न घेता शून्याभोवती गोल काढला.

सातारा जिल्ह्यातल्या त्या माध्यमिक शाळेत मी गेले ती एका आकड्यापायी. मुलांसाठीच्या प्रश्नावल्या मराठीत आणणाऱ्या माझ्या परिचित ताईंनी तो सांगितला होता: ७.३. ओईसीडी या देशांच्या आर्थिक संघटनेच्या २०१५ च्या ‘पिसा’ चाचणीत १५ वर्षांच्या मुलांना गणित-विज्ञानाबरोबर हेही विचारलं होतं, की आयुष्याबद्दल ० ते १० मध्ये किती समाधानी आहात? सदस्य देशांची सरासरी आली ७.३. मेक्सिको ८.३, जपान ६.८, दक्षिण कोरिया ६.४. गणितात मात्र जपान ५३२ आणि मेक्सिको ४०८. अभ्यासानं पोरं दुःखी होतात, हे ठरवायला मग कितीसा वेळ लागतो! भारत त्या फेरीत नव्हता. “आपण उतरलो तर आपलाही असाच एक आकडा येईल,” ताई म्हणाल्या होत्या. “तो कसा तयार होतो ते एकदा बघायला या.”

असाच प्रश्न चित्रातून विचारायची शिडीची कल्पना अमेरिकन मानसशास्त्रज्ञ हॅडली कँट्रिल यांची. १९६५ च्या त्यांच्या पुस्तकात ज्या देशांतल्या माणसांना ही शिडी दाखवली होती, त्यांत भारतही होता. ती माणसं प्रौढ होती. आज युरोप आणि कॅनडात ११, १३ आणि १५ वर्षांच्या मुलांना हीच शिडी दाखवतात. मराठीसाठी रीत ठरलेली आहे: दोघांनी वेगवेगळा अनुवाद करायचा, तो जुळवायचा, आणि मूळ न पाहिलेल्या तिसऱ्यानं तो पुन्हा इंग्रजीत न्यायचा. शब्द जुळले की काम फत्ते.

शब्द जुळलेच होते. ‘समाधानी’चं परत जाताना ‘सॅटिस्फाइड’ झालं, कुठं खोट नव्हती. मग ताई मुलांसमोर बसल्या. उत्तर देताना मनात काय येतं ते मोठ्यानं बोलायचं, एवढाच नियम. पहिल्याच मुलीनं ‘समाधानी’वर बोट ठेवलं आणि ती हसली.

“समाधानी आमची आजी असती, मॅडम. मला अजून पोलीस भरती करायचीय.”

तिच्या लेखी समाधान म्हणजे आता काही मागायचं उरलं नाही. पंधराव्या वर्षी तसं कोण कबूल करील? उलट अनुवादाच्या चाळणीत हे कधीच अडकलं नसतं.

आणि मग हा मुलगा. शून्य पाहून ताईंनी आवाज जरासुद्धा बदलला नाही, याचं मला कौतुक वाटलं. माझ्या पोटात तर गोळा आला होता.

“शून्य का रे बाळा?”

“मी न्हाई चढत, मॅडम. अण्णा चढत्यात. मी खाली शिडी धरतो.”

“मग तुला वर जायचंय?”

तो गोंधळला. “मग धरणार कोण?”

खोलीत टर्पेंटाइनचा वास होता आणि आम्ही दोघी गप्प. ताईंनी चित्र उलटं घातलं. “बरं, शिडी राहू दे. तुझं एकंदर कसं चाललंय?”

“बरं चाललंय.”

“दहापैकी किती?”

“सात द्या.”

सात *द्या*. म्हणजे आता तो पेपर झाला होता आणि ताई तपासणाऱ्या बाई. जिथं पस्तीस टक्क्यांना पास म्हणतात, तिथं दहापैकी सात म्हणजे मान ताठ ठेवून घरी न्यावेत असे गुण. पाच मिनिटांत एकच मुलगा शून्यावरून सातावर आला होता, ७.३ च्या अगदी शेजारी. दरम्यान त्याच्या आयुष्यात काडीचाही फरक पडला नव्हता.

यावर संख्याशास्त्राकडे इलाज आहे, असं ताई सांगतात. अनेक प्रश्न विचारायचे, ते दोन देशांतल्या मुलांत सारख्याच रीतीनं एकमेकांशी जुळतात का ते पाहायचं. तेवढ्यानंही भागत नाही, मोजणीचा आरंभही दोन्हीकडे एकच लागतो. तरच सरासऱ्या शेजारी ठेवायच्या. पण शिडी हा एकुलता एक प्रश्न. तो जुळवणार कशाशी? शिवाय उत्तर द्यायच्या सवयी असतातच. जपानी आणि चिनी मुलं अमेरिकन मुलांपेक्षा मोजपट्टीच्या मध्यावर अधिक थांबतात, हे १९९५ मध्येच दाखवून झालं आहे. मग जपानच्या ६.८ मध्ये दुःख किती आणि संकोच किती? ओईसीडीचा अहवालही सावध करतो, की उत्तरांवर संस्कृतीची छाया असते. तक्ता मात्र पहिला, दुसरा, तिसरा असाच छापला जातो.

“मग चित्र बदला की,” मी म्हटलं.

“एकट्या मराठीत बदललं तर तुलना कशाशी करायची?” ताईंनी शिडी पुन्हा सुलटी केली.

त्यांच्या कामाबद्दल माझ्या मनात शंका नाही. चुकीचं माप त्याच पकडतात. शंका आहे ती पुढची. ताईंच्या कागदावर शेऱ्याचा रकाना होता आणि त्यात त्यांनी लिहिलं, ‘शिडी धरतो.’ खऱ्या सर्वेक्षणात हजारो मुलं एकाच वेळी गोल करतील, तेव्हा तो रकाना नसेल. शून्य दिसल्यावर “का रे बाळा?” म्हणणारंही कुणी समोर नसेल.

मुलगा उठला, पेन्सिल माझ्या हातात दिली आणि दारात थांबला.

“अण्णांना पण इचारणार का?”

“नाही रे, फक्त विद्यार्थ्यांना.”

“बरं,” म्हणून तो गेला. पेन्सिलीला टर्पेंटाइनचा वास राहिला होता.