फॉर्मवर शुगर लिहिली तरी विमा मिळतो

'काका, कशाला लिहिताय बीपी-शुगर? कंपनी नाकारेल. फॉर्म माझ्याकडं द्या, मी भरतो, तुम्ही फक्त सही करा.' सातारा, कऱ्हाड, सांगली, मिरज कुठंही जा, निवृत्तीला आलेल्या माणसाला आरोग्य विमा विकताना हे वाक्य इतक्या सहज बोललं जातं की ऐकणाऱ्याला ती कामाची रीतच वाटते. शिकलेली माणसं यावर विश्वास ठेवतात. आयुष्यभर दुसऱ्यांचे कागद तपासलेले निवृत्त मुख्याध्यापक आणि बँकेतले अधिकारी स्वतःच्या प्रस्ताव अर्जावर मात्र न वाचता सही करतात. विम्याबद्दलच्या सगळ्या गैरसमजांत सर्वाधिक नुकसान करणारा गैरसमज हाच आहे, म्हणून आधी त्याच्याविषयी.

एजंटाचा युक्तिवाद असा: कंपनीला कुठून कळणार? कळतं, आणि अगदी साध्या मार्गानं कळतं. छातीत दुखायला लागलं म्हणून माणसाला मिरजेच्या किंवा कऱ्हाडच्या इस्पितळात नेतात. डॉक्टर विचारतात, 'शुगर आहे का? कधीपासून? गोळी कुठली?' मुलगा खरं सांगतो, 'आठ-दहा वर्षं झाली.' त्यानं ते सांगायलाच हवं, उपचार त्यावर ठरतात. ते केसपेपरवर लिहिलं जातं. क्लेम येताच विमा कंपनी किंवा तिच्या वतीनं काम करणारी टीपीए तोच केसपेपर मागवते. पॉलिसी दोन वर्षांपूर्वीची, आजार दहा वर्षांचा आणि अर्जात मधुमेहासमोर 'नाही'. पुढं काय होतं ते वेगळं सांगायला नको. क्लेम तर जातोच, पॉलिसीही रद्द होऊ शकते आणि भरलेला हप्ता बुडतो. वयाच्या 66 व्या वर्षी, हृदयाचा आजार उघड झाल्यावर, नवी पॉलिसी शोधायची वेळ येते.

'फॉर्म एजंटानं भरला होता, मला काय माहीत' हा बचाव टिकत नाही. रेखाबेन राठोड प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं 2019 मध्ये हे स्पष्ट केलं. ते प्रकरण आयुर्विम्याचं होतं, पण तत्त्व तेच: अर्जावर सही तुमची, तर मजकुराची जबाबदारीही तुमची. त्याआधी 2009 मध्ये सतवंत कौर संधू विरुद्ध न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्स या मेडिक्लेमच्याच खटल्यात मधुमेह आणि मूत्रपिंडाचा आजार लपवल्यामुळं न्यायालयानं कंपनीचा नकार कायम ठेवला होता.

आता उलट बाजू पाहा, कारण एजंट ती कधीच सांगत नाही. मनमोहन नंदा यांनी परदेश प्रवासासाठी विमा घेतला, तेव्हा मधुमेहाची माहिती कंपनीला दिलेली होती. अमेरिकेत विमानतळावर उतरल्यावर त्यांना हृदयविकाराचा झटका आला. कंपनीनं जुन्या आजाराचं आणि कोलेस्टेरॉलच्या गोळीचं कारण काढून क्लेम नाकारला. डिसेंबर 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नंदा यांच्या बाजूनं निकाल दिला. जो आजार कंपनीला सांगितला होता आणि जो तपासून तिनं पॉलिसी दिली, तोच पुढं करून तिला हात वर करता येत नाहीत. म्हणजे लिहिलेली शुगर तुमचं रक्षण करते आणि लपवलेली शुगर कंपनीच्या हाती कारण देते.

'लिहिलं तर विमा मिळणारच नाही' हेही खरं नाही. रक्तदाब आणि मधुमेह असलेल्या असंख्य लोकांना पॉलिसी मिळते. कंपनी हप्ता थोडा वाढवते किंवा त्या आजारासाठी प्रतीक्षा काळ लावते. 1 एप्रिल 2024 पासून हा प्रतीक्षा काळ तीन वर्षांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, पूर्वी तो चार वर्षांपर्यंत असे. या काळात अपघात, डेंग्यू, न्यूमोनिया अशा बाकीच्या गोष्टींना संरक्षण असतंच. एका कंपनीनं नाकारलं तर दुसरीकडं अर्ज करता येतो, प्रत्येकीचे निकष वेगळे असतात. म्हणून निवृत्तीच्या महिन्यात धावाधाव करण्यापेक्षा पंचावन्नाव्या वर्षी पॉलिसी घेतली, तर प्रतीक्षा काळ नोकरीतच संपतो.

अलीकडं या सल्ल्याची एक सुधारित आवृत्ती ऐकू येते: 'पाच वर्षं फक्त गप्प राहा, मग कंपनी काही विचारूच शकत नाही.' यात अर्धं सत्य असल्यानं ती जास्त घातक आहे. सलग 60 महिने पॉलिसी चालू राहिली की माहिती दडवल्याचं कारण देऊन क्लेम नाकारता येत नाही, हा नियम आहे. पूर्वी ही मुदत आठ वर्षांची होती. पण त्याच नियमात अपवाद आहे: फसवणूक सिद्ध झाली, तर हे संरक्षण नाही. ठरवून लपवलेला आजार कोणत्या बाजूला पडेल, याचा वाद साठीनंतर आयसीयूच्या दाराशी घालायची कुणाची तयारी आहे? आणि पाच वर्षं आजारीच पडणार नाही, याची हमी कोणता एजंट देतो? पॉलिसी विकली गेली की त्याचं कमिशन पक्कं. क्लेम नाकारला गेल्यानं त्याच्या खिशाला लागत नाही, घर तुमचं विकायला निघतं. सगळेच असे नसतात. क्लेमच्या वेळी स्वतः इस्पितळात येऊन बसणारे एजंटही सातारा-सांगली या दोन जिल्ह्यांत आहेत. ते पहिल्याच भेटीत सगळ्या गोळ्या आणि जुन्या फायली मागतात. ओळखायची खूण तीच.

ज्यांनी आधीच असा फॉर्म भरून दिला आहे, त्यांनी पॉलिसीसोबत आलेली प्रस्ताव अर्जाची प्रत आज वाचावी. पॉलिसी हातात पडून 30 दिवस झाले नसतील तर ती परत करता येते. थोडी वजावट होऊन हप्ता परत मिळतो आणि खरी माहिती देऊन नवा अर्ज करता येतो. मुदत उलटली असेल, तर कंपनीला लेखी कळवावं आणि पोच घ्यावी. कंपनी हप्ता वाढवेल, अटी बदलेल, काही वेळा पॉलिसी चालू ठेवायला नकारही देईल. हे सगळं इस्पितळात भरती होण्याआधी कळलेलं बरं.

दुसरा गैरसमज पैशाचा आहे आणि तो बिल हातात आल्यावरच फुटतो: 'पाच लाखांची पॉलिसी म्हणजे पाच लाखांपर्यंत सगळं मिळणार.' ज्येष्ठांच्या अनेक पॉलिसींत खोलीभाड्याला मर्यादा असते, बऱ्याचदा विमा रकमेच्या एक टक्का. पाच लाखांवर दिवसाला 5,000 रुपये. तुम्ही 8,000 रुपयांची खोली घेतली, तर फक्त वरचे 3,000 रुपये तुमच्यावर पडतात असं लोक धरून चालतात. तसं होत नाही. डॉक्टरांची फी, शस्त्रक्रियागृहाचं भाडं, नर्सिंग हे खर्चही त्याच प्रमाणात, म्हणजे आठास पाच, असे कापले जातात. या खर्चांचं बिल 1,60,000 रुपये असेल तर कंपनी 1,00,000 मान्य करते. औषधं, इम्प्लांट, चाचण्या आणि आयसीयूचं भाडं यांना ही प्रमाणशीर कपात लावता येत नाही, हे नियमात लिहिलेलं आहे. ती लावली असेल तर भांडा. त्यावर को-पे 20 टक्के असेल, तर मान्य रकमेचा पाचवा हिस्सा पुन्हा तुमचाच. 'हप्ता बघा किती कमी' असं ऐकू आलं की खोलीभाडं आणि को-पे या दोनच गोष्टी आधी विचारा. पॉलिसीसोबत ग्राहक माहिती पत्रक देणं आता बंधनकारक आहे, त्यात दोन्ही सापडतात.

आपल्या भागासाठी तिसरी गोष्ट महत्त्वाची आहे. काही पॉलिसींत हप्ता शहरांच्या झोनप्रमाणं ठरतो. साताऱ्याचा पत्ता दिल्यावर हप्ता स्वस्त दिसतो, पण पुण्या-मुंबईत उपचार घेतले की जादा को-पे लागतो. साताऱ्याचे किती रुग्ण मोठ्या शस्त्रक्रियेसाठी पुण्याला जातात, हे इथल्या प्रत्येक घराला माहीत आहे. तो हप्ता आपल्यासाठी स्वस्त नाही.

'कंपनीची पॉलिसी आहे की!' हा नोकरदारांचा समज. बहुतेक ठिकाणी सामूहिक पॉलिसी निवृत्तीबरोबर संपते. पण त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं आणि आधी पूर्ण केलेला प्रतीक्षा काळ धरला जातो. नोकरी संपायच्या दीड-दोन महिने आधी लेखी विचारणा करा, नंतर नाही. कुपवाड, मिरज, पलूस किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीत ज्यांचा ईएसआय कापला जायचा, त्यांना तर एक हक्क सांगितलाच जात नाही: निवृत्तीपूर्वी किमान पाच वर्षं विमाधारक असलेल्या कामगाराला आणि त्याच्या पती किंवा पत्नीला वर्षाला 120 रुपये भरून ईएसआयची वैद्यकीय सेवा पुढंही मिळते. एकशेवीस रुपये! यातून कुणालाच कमिशन मिळत नाही, म्हणून हे सांगायला कुणी घरी येत नाही.

सरकारी योजनांबद्दलही तीच गत. 'महात्मा फुले योजना फक्त पिवळ्या-केशरी कार्डवाल्यांची' हे आता जुनं झालं. 1 जुलै 2024 पासून पांढऱ्या कार्डासह राज्यातल्या सर्व कुटुंबांना पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. 29 ऑक्टोबर 2024 पासून 70 वर्षांवरील प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड काढता येतं. त्यात जुने आजार पहिल्या दिवसापासून आहेत, प्रतीक्षा काळ नाही, आणि खाजगी पॉलिसी असली तरी चालते. साताऱ्यासारख्या सैनिकांच्या जिल्ह्यात मात्र एक नोंद हवी: ज्यांच्याकडं माजी सैनिकांची ईसीएचएस योजना आहे, त्यांना ती किंवा हे कार्ड, यांपैकी एकच निवडावं लागतं. या योजना ठरावीक उपचारांसाठी आणि ठरावीक इस्पितळांतच चालतात, म्हणून त्यांच्या भरवशावर चालू असलेली पॉलिसी बंद करू नका. पण पॉलिसी परवडतच नाही म्हणून खचलेल्या घरात आधी हे कार्ड काढा. फुले योजनेची हेल्पलाइन 155388, आयुष्मानची 14555.

बाकीचे समज थोडक्यात.

'पासष्टीनंतर विमा मिळत नाही.' मिळतो; 2024 च्या नियमांनुसार कंपन्यांनी सर्व वयोगटांसाठी योजना ठेवायच्या आहेत.

'क्लेम घेतला की पुढच्या वर्षी पॉलिसी बंद करतात.' क्लेमच्या कारणावरून नूतनीकरण नाकारता येत नाही.

'म्हाताऱ्यांचा हप्ता कितीही वाढवतात.' 30 जानेवारी 2025 च्या आदेशानंतर साठीपुढच्यांचा हप्ता वर्षाला 10 टक्क्यांहून जास्त वाढवायचा असेल, तर कंपनीला आधी आयआरडीएआय या विमा नियामक संस्थेशी सल्लामसलत करावी लागते.

'वर 18 टक्के जीएसटी.' वैयक्तिक आरोग्य विम्यावर तो 22 सप्टेंबर 2025 पासून शून्य आहे.

'आयआरडीएआयमधून बोलतोय, तुमच्या पॉलिसीवर बोनस आलाय.' ही संस्था नियामक आहे. ती पॉलिसी विकत नाही, बोनसही वाटत नाही. फोन ठेवा.

'कर्ज किंवा लॉकर हवं तर पॉलिसी घ्यावी लागेल.' अशी सक्ती बँकेला करता येत नाही.

'आमच्या कंपनीचे 98 टक्के क्लेम पास होतात.' हा आकडा बहुधा आयुर्विम्याचा असतो. मृत्यूचा दाखला आणि इस्पितळाचं बिल यांची तपासणी सारखी नसते. आयआरडीएआयच्या 2023-24 च्या वार्षिक अहवालाप्रमाणं आरोग्य विम्यात सुमारे 1.17 लाख कोटी रुपयांचे दावे होते आणि दिले गेले सुमारे 83 हजार कोटी.

आणि शेवटचा समज, 'कंपनीनं नाही म्हटलं, संपलं.' संपत नाही. नकार लेखी मागा, त्यात पॉलिसीचं कोणतं कलम लावलं ते असायला हवं. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडं लिहा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर सातारा आणि सांगली दोन्ही जिल्ह्यांसाठी विमा लोकपालांचं कार्यालय पुण्याला आहे. 50 लाखांपर्यंतच्या तक्रारी तिथं चालतात. फी नाही, वकील लागत नाही, आणि लोकपालांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. तक्रार कंपनीच्या अंतिम नकारापासून एक वर्षाच्या आत करावी लागते. आयआरडीएआयच्या विमा भरोसा सेवेचा क्रमांक 155255 आहे.