वैनगंगाकाठची मुले आणि तरणतलावाची शिस्त

भंडारा शहरातून पूल ओलांडून कारध्यास येणाऱ्या मनुष्यास वैनगंगेचे जे विस्तीर्ण पात्र दिसते, त्याच्या काठी वाढलेल्या मुलास पोहणे शिकविण्याची गरजच काय, असा प्रश्न येथील वडीलधारी मंडळी मोठ्या विश्वासाने विचारतात. आणि ज्या मुलुखात ढिवरांची डोंगी, जाळी व पिढीजात जलकौशल्य यांचा वावर आहे, तेथे हा प्रश्न अगदीच अस्थानी म्हणवत नाही. परंतु असे मूल जेव्हा एखाद्या जलतरण-संघात रीतसर सरावासाठी दाखल होते, तेव्हा पहिल्याच आठवड्यात ते मागे पडते, धापा टाकते, क्वचित रडते, आणि नदीत माशासारखे पोहणारे पोर येथेच कसे गळाठले, याचा उलगडा आईबापांस होत नाही.

कारण साधे आहे. नदीत पोहणारे मूल डोके पाण्यावर ठेवते. काठ, ओढ आणि सोबती नजरेआड होऊ नयेत म्हणून ही सवय तेथे शहाणपणाचीच असते. परंतु डोके वर राहिले की कंबर व पाय खाली जातात, पाण्याचा अवरोध वाढतो, आणि 25 मीटरची एक फेरी पुरी होण्याआधीच दम संपतो. संघाच्या सरावात तोंड पाण्यात ठेवून, उच्छ्वास पाण्यातच बुडबुड्यांच्या रूपाने सोडून, मान केवळ एका कुशीस वळवून नवा श्वास घ्यावयाचा असतो. नवशिके मूल पाण्याखाली श्वास कोंडून धरते आणि मान वळविताच सोडणे व घेणे ही दोन्ही कामे एकाच क्षणात उरकू पाहते. धाप लागते ती या हिशेबचुकीमुळे, दुर्बलतेमुळे नव्हे. यावर घरच्या घरी करता येण्याजोगा उपाय म्हणजे रुंद घमेल्यात स्वच्छ पाणी घेऊन, मोठे माणूस शेजारी बसवून, तोंड बुडवावे व नाकाने गुणगुणत हवा सोडावी. त्यातच रांगेचा शिरस्ता नवा असतो: एकाच पट्ट्यात अनेक मुले एका बाजूने जातात व दुसऱ्या बाजूने परततात, आणि मोकळ्या पात्रात हवे तसे हुंदडलेल्या मुलास ही शिस्त पाण्यापेक्षा अवघड वाटते. सराव सुरू होण्यापूर्वी एकदा त्यास तलावावर नेऊन नुसते पाहू दिले, तर निम्मी भीती तेथेच ओसरते.

याच्या उलट बाजूचा गैरसमज मात्र अधिक घातक आहे. संघात निवड झाली, आता नदीची चिंता नाही, असे मानणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे की तलावाचा तळ दिसतो, खोली ठरलेली असते आणि काठावर जीवरक्षक असतो. नदीत यांपैकी काहीच नसते. शिवाय 1988 साली पायाभरणी झालेल्या गोसीखुर्द धरणाचा जलसाठा वरच्या अंगास भंडाऱ्यापर्यंत पोहोचू लागल्यापासून आजोबांच्या काळातील उथळ जागांची माहिती विश्वासार्ह राहिलेली नाही. कारध्याच्या पुलापाशी वैनगंगेची धोक्याची पातळी 245.50 मीटर मानली जाते. पण बुडण्यास पूर यावा लागत नाही, आणि बुडणारे मूल बहुधा हाकही मारू शकत नाही.

मुलास विहिरीत ढकलून दिले की ते आपोआप शिकते, ही समजूत अजूनही अभिमानाने सांगितली जाते. पाठीस भोपळा किंवा रिकामा डबा बांधून, दोरी हाती धरून, पायरीपायरीने पोहणे शिकविणारे जुने लोक याहून कितीतरी शहाणे होते. ढकललेले मूल दचकून नेमक्या नको त्या क्षणी श्वास आत ओढते, आणि जी भीती मनात बसते ती पुढे प्रशिक्षकास महिनोन्महिने उपसावी लागते.

आता क्लोरिनविषयी. तलावावर उग्र वास आला म्हणजे औषध भरपूर घातले, सबब पाणी स्वच्छ आहे, असे बहुतेकांस वाटते. वस्तुस्थिती जवळजवळ विपरीत आहे. घाम, मूत्र, तेल व मलमे यांच्याशी क्लोरिनचा संयोग होऊन क्लोरामाइन नावाची द्रव्ये बनतात, आणि नाकात झोंबणारा तो वास व डोळ्यांची लाली मुख्यतः त्यांची असते. म्हणून पाण्यात उतरण्यापूर्वी अंग धुण्याची जी ताकीद फलकावर लिहिलेली असते व जिच्याकडे सर्वांआधी पालकच काणाडोळा करतात, ती निव्वळ उपचार नव्हे. चष्म्याचा पट्टा करकचून आवळल्यानेही डोळे वाचत नाहीत: पट्टा न लावता चष्मा डोळ्यांवर हलकेच दाबावा, क्षणभर तो आपोआप चिकटून राहिला तर माप बरोबर आहे. टोपीने केस कोरडे राहतील अशीही आशा धरू नये. केस आवरणे व अवरोध कमी करणे एवढेच तिचे काम. सरावानंतर कानात काडी घालू नये, डोके एका बाजूस कलते करून पाणी निथळू द्यावे.

जेवून पोहल्यास पेटके येऊन माणूस बुडतो, या भयास फारसा आधार नाही. परंतु भातखाऊ भंडाऱ्यात भरल्या ताटावरून उठून सरावास गेलेले मूल सुस्तावते व मळमळते, हे खरे. पूर्ण जेवण दोनएक तास आधी, आणि मध्ये भूक लागल्यास एखादे केळे पुरे. पाण्यातही घाम येतो, म्हणून पिण्याच्या पाण्याची बाटली हवीच. पोहण्याने सर्दी होत नाही, ती विषाणूंनी होते. उंचीही वाढत नाही. पहाटेचा सराव असेल तर रात्रीची निजण्याची वेळ अलीकडे आणावी, कारण शाळकरी वयात नऊ ते बारा तासांची झोप लागते.

सहाव्या वर्षी आरंभ झाला नाही तर सारे हुकले, असे म्हणणाऱ्यांस मुरलीकांत पेटकरांचे नाव सांगावे. सांगली जिल्ह्यातील हा जवान 1965 च्या युद्धात जखमी झाल्यानंतर पोहण्याकडे वळला आणि 1972 साली हायडेलबर्ग येथील पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटर मुक्तशैलीत सुवर्णपदक घेऊन आला.

शेवटचा गैरसमज प्रवेशाच्या अर्जाशी निगडित आहे. मुलास दमा आहे किंवा कधीकाळी फिट आली होती, हे लिहिले तर प्रवेश नाकारतील, या धास्तीने पालक तो रकाना कोरा सोडतात. दमा असलेली पुष्कळ मुले वैद्यकीय सल्ल्याने उत्तम पोहतात, फक्त पंप तलावाच्या काठावर हाताशी हवा. आणि फिटची माहिती असेल तर प्रशिक्षक त्या मुलावर स्वतंत्र नजर ठेवण्याची तजवीज करू शकतो, जी माहितीअभावी कोणीच करणार नाही. तेव्हा पालकांस विनंती एवढीच की तो रकाना पहिल्याच दिवशी खरा भरावा, आणि डॉक्टरांचा दाखला अर्जासोबत जोडावा.