ल्वारकाठची सायकल आणि खिशातली साखर

‘डॉक्टर, पन्नाशी उलटली, साखरही आहे. आता सायकल चालवली तर चालेल का?’ आठवड्यातून एकदा तरी हा प्रश्न दवाखान्यात येतो. माझे उत्तर ठरलेले असते. ‘अवश्य चालवा, पण खिशात साखर ठेवा.’ वाचकहो, हा सल्ला देणाऱ्या डॉक्टरच्याच खिशात एके दिवशी साखर नव्हती. ही हकिगत फ्रान्समध्ये, ल्वार नदीच्या काठी घडली. थोडी लाजिरवाणी आहे, तरी सांगतो.

माझे वय त्या वेळी एकसष्ट. मधुमेह बारा वर्षांचा, गोळ्यांवर आटोक्यात असलेला. मुलगी नोकरीनिमित्त ऑर्लेआँ शहरात राहते. २०२३ च्या जूनमध्ये तिने आम्हा दोघांना बोलावून घेतले आणि जाहीर केले, ‘बाबा, इथून सोम्यूरपर्यंत आपण सायकलने जायचं.’

सौ. म्हणाली, ‘अगं, सव्वादोनशे किलोमीटर! तुझे बाबा काय आता कॉलेजात आहेत?’

‘सात दिवसांत गं आई. दिवसाला तीस-पस्तीस. आणि वाटेत घाट नाही.’

रस्ता सायकलवाल्यांचा

ल्वार ही फ्रान्समधील सर्वांत लांब नदी, सुमारे हजार किलोमीटरची. तिच्या काठाने थेट अटलांटिक समुद्रापर्यंत सुमारे नऊशे किलोमीटरचा सायकलमार्ग आखलेला आहे. ‘ल्वार आ व्हेलो’, म्हणजे ‘सायकलवरून ल्वार’, असे त्याचे नाव. हा रस्ता कधी पूर अडवण्यासाठी घातलेल्या बांधावरून जातो, कधी द्राक्षमळ्यांतून, तर कधी खेड्यातल्या दगडी गल्लीतून. बराचसा भाग मोटारींना बंद किंवा तुरळक रहदारीचा. वळणावळणावर छोट्या पाट्या असल्याने चुकण्याची भीती कमी. गावाबाहेर सायकलस्वाराला ओलांडताना मोटारीने निदान दीड मीटर अंतर सोडले पाहिजे, असा तिथला नियम आहे.

म्हणूनच या वाटेवर तरुणांइतकेच पांढऱ्या केसांचे लोक दिसतात. नवरा-बायको पुढे-मागे, मागच्या चाकाला दोन बाजूंना दोन पिशव्या, कसलीही घाई नाही. रात्रीच्या मुक्कामासाठी ‘आक्योई व्हेलो’ अशी पाटी लावलेली घरे आणि हॉटेले असतात. तिथे सायकल कुलपात ठेवायला जागा आणि दुरुस्तीची हत्यारे मिळतात.

सायकली आम्ही भाड्याने घेतल्या. दुकानदाराने पैसे घेण्याआधी मला सायकलवर बसवले, एक पायडल अगदी खाली न्यायला सांगितले आणि गुडघा पाहिला. पाय खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील, इतकी सीटची उंची त्याने ठेवली. आपल्याकडे सीट खूप खाली ठेवण्याची सवय असते, कारण दोन्ही पाय जमिनीला टेकले की धीर वाटतो. पण त्यामुळे प्रत्येक फेऱ्याला गुडघा जास्त वाकतो आणि वाटीवर दाब येतो. ‘सायकलने गुडघे गेले’ म्हणणाऱ्यांनी आधी सीटची उंची पाहावी.

घाट नव्हता हे खरे, पण वारा होता. या खोऱ्यात वारा बहुधा पश्चिमेकडून, समुद्राकडून येतो आणि आम्ही पश्चिमेलाच निघालो होतो. समोरचा वारा म्हणजे न दिसणारा चढ. रस्ता सपाट दिसतो, म्हणून माणूस जोर लावत राहतो आणि थकतो कशाने हे त्याला कळत नाही.

त्या सोमवारी काय झाले

पहिले तीन दिवस उत्तम गेले. शाँबोरचा भव्य राजवाडा पाहिला, ब्ल्वा गावी मुक्काम केला. चौथ्या दिवशी अँब्वाझला पोहोचायचे होते. लिओनार्दो दा विंची १५१९ मध्ये ज्या गावी वारला, ते हे गाव. अंतर चाळीस किलोमीटरच्या आसपास.

सकाळी लवकर निघण्याच्या नादात मी पावाचा एक तुकडा आणि कॉफी एवढ्यावरच भागवले. गोळी मात्र नेहमीची, पूर्ण घेतली. सौ.ने इथून नेलेले बेसनाचे लाडू आदल्या दिवशीच संपले होते. म्हटले, वाटेत बेकरी लागेलच.

शोमाँचा किल्ला मागे पडला. बारा वाजून गेले. पहिल्या खेड्यातली बेकरी बंद. दुसऱ्या खेड्यातलीही बंद. फ्रान्सच्या खेड्यांत दुपारी दुकाने मिटतात आणि बऱ्याच ठिकाणी सोमवारी उघडतच नाहीत. तो दिवस नेमका सोमवार होता. आणि समोरून वारा.

सौ. माझ्या मागे होती. ती नंतर म्हणाली, ‘अहो, तुम्ही रस्त्याच्या या कडेवरून त्या कडेला जात होता. हाक मारली तर चिडून म्हणालात, मला काही झालेलं नाही.’ मला एवढेच आठवते की हात थरथरत होते, सदरा घामाने भिजला होता आणि मुलीवर उगाचच राग येत होता. तिने सायकल आडवी घालून मला थांबवले नसते, तर मी बांधावरून खाली गेलो असतो. पिशवीत ग्लुकोमीटर होता. आकडा आला ५४. सत्तरच्या खाली गेली की साखर कमी झाली, असे आम्ही डॉक्टर मानतो. साखर मोजायचे यंत्र जवळ होते, साखर नव्हती!

तेवढ्यात मागून एक वृद्ध जोडपे आले. मुलीने दोन शब्द सांगताच आजोबांनी खिशातून फळांच्या रसाच्या साखरेत घोळवलेल्या दोन वड्या काढून माझ्या हातात ठेवल्या. आपल्या आंब्याच्या वडीची आठवण व्हावी अशा. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासले, ८२. हाताचा कंप थांबला आणि मुलीवरचा रागही गेला. आजोबा हसून एकच शब्द म्हणाले, ‘फ्रँगाल.’ सायकल चालवताना अंगातली साखर संपून माणूस गळून जातो, त्याला फ्रेंच सायकलस्वार हा शब्द वापरतात. मधुमेह नसलेल्या धडधाकट माणसालाही ती गाठते. माझ्या बाबतीत गोळीने तिला अधिक लवकर बोलावले.

असे का होते?

काम करणारा स्नायू रक्तातली साखर वेगाने ओढून घेतो. निरोगी शरीर अशा वेळी आपले इन्शुलिन कमी करते. पण इन्शुलिनचे इंजेक्शन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारखी गोळी घेणाऱ्याचे इन्शुलिन आपोआप आवरत नाही. एका बाजूला स्नायू ओढतो, दुसऱ्या बाजूला औषध ढकलते आणि पोटात काही नसते. मेंदूला साखर कमी पडू लागली की पहिली जाते ती विचारशक्ती. म्हणूनच रुग्ण ‘मला काही झालेलं नाही’ असे ठासून सांगतो. त्याचे न ऐकणारा सोबती जवळ असावा लागतो.

आणखी एक. त्या वेळी लाडू असते तरी पहिला उपाय म्हणून ते कामाचे नव्हते. तुपामुळे साखर रक्तात पोहोचायला वेळ लागतो. आधी तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज आणि बरे वाटल्यावर मग लाडू किंवा पोळी.

शंभर वर्षांपूर्वीचा वैद्य

आजोबा निरोप घेताना म्हणाले, ‘व्हेलोसियोचं ऐकलं असतंत तर ही वेळ आली नसती.’ हे व्हेलोसियो म्हणजे पॉल द व्हिव्ही (१८५३ ते १९३०). ते साँतेत्येन शहरात राहत. १८८७ मध्ये त्यांनी सायकलीवरचे मासिक काढले. चढ-उतारासाठी सायकलला गिअर हवेत, म्हणून ते आयुष्यभर भांडले. शर्यतवाल्यांना ते पटायला फार वेळ लागला. ‘तूर द फ्रान्स’ या प्रसिद्ध शर्यतीत गिअर बदलण्याच्या यंत्राला १९३७ मध्ये परवानगी मिळाली.

व्हेलोसियो डॉक्टर नव्हते. स्वतः शाकाहारी असलेल्या या माणसाने प्रवासी सायकलस्वारांना सात नियम घालून दिले. त्यांचा सारांश असा की भूक आणि तहान यांची वाट न पाहता खावे-प्यावे, थंडी वाजण्याआधी पांघरावे, थांबे थोडे आणि छोटे ठेवावेत, वाटेत दारू, मांस आणि तंबाखू टाळावी, पुढची भूक आणि झोप उडेल इतके दमू नये आणि दिखाव्यासाठी पायडल मारू नये. मी त्या सोमवारी यांतले पहिले आणि शेवटचे, दोन्ही मोडले होते. उपाशी होतो आणि मुलीपुढे म्हातारा दिसू नये म्हणून वाऱ्याविरुद्ध जोर लावत होतो.

पुढचे दिवस आम्ही नियमाने काढले. दर पाऊण तासाला थांबून दोन घास आणि पाणी. पाणी कुठे मिळते, हेही आजोबांनीच सांगितले होते. गावच्या दफनभूमीतल्या नळावर! पिण्यायोग्य नसेल तर तशी पाटी असते. सौ.ने आधी नाक मुरडले, नंतर तीच लांबून क्रूस शोधू लागली. सातव्या दिवशी सोम्यूरचा पांढरा किल्ला दिसला, तेव्हा तिघांपैकी कोणीही दमलेले नव्हते.

निघण्यापूर्वी

गाव कुठलेही असो, लांब पल्ल्याला निघणाऱ्या मधुमेहींनी एवढे करावे.

१. औषधाचा डोस स्वतःच्या मनाने बदलू नये. महिनाभर आधी डॉक्टरांना भेटून ठरवावा. छातीचा त्रास असल्यास हृदयाची तपासणी करून घ्यावी.

२. निघताना साखर मोजावी. शंभरच्या खाली असल्यास आधी खावे.

३. ग्लुकोज पिशवीत नव्हे, खिशात ठेवावे. सोबत्याच्याही खिशात द्यावे.

४. घाम, थरथर, चिडचिड, डोळ्यांपुढे अंधारी यांपैकी काहीही झाले तर आधी थांबावे, साखर खावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात काही घालू नये, त्याला तातडीने दवाखान्यात न्यावे.

५. मोठ्या श्रमानंतर साखर रात्रीही उतरू शकते. झोपण्यापूर्वी एकदा मोजावी.

६. रोज संध्याकाळी तळपाय पाहावेत.

परत आल्यावर पहिल्याच दिवशी एका गृहस्थांनी तोच जुना प्रश्न विचारला. मीही तेच जुने उत्तर दिले. फरक इतकाच की या वेळी आधी माझा खिसा चाचपला.