हिरड्याच्या मुलखात कापडाची छपाई

नीरेच्या उगमाकडचे खोरे म्हणजे हिरडस मावळ. बांदल देशमुखांचा आणि बाजीप्रभू देशपांड्यांचा हा मुलूख इतिहासाच्या पुस्तकांतून सगळ्यांना माहीत असतो. तिथल्या उतारांवरचा हिरडा मात्र आपल्याला त्रिफळ्याच्या डबीपुरताच ठाऊक. एकोणिसाव्या शतकात हाच हिरडा कातडी कमावण्यासाठी जहाजांनी इंग्लंडला जाई आणि व्यापारी त्याच्या प्रती गावांच्या नावांनी ओळखत. त्यांत जबलपूर होते, तसे आपले वेंगुर्लेही होते. कारण एकच, टॅनिन. पिकलेल्या हिरड्याच्या गरात ते ३० टक्क्यांच्या आसपास असते.

वनस्पतिरंगांत स्क्रीन प्रिंटिंग शिकायचे तर सुरुवात या टॅनिनपासून करावी. बहुतेक वनस्पतिरंग पक्के बसायला कापडावर आधी तुरटीसारखा धातूचा क्षार लागतो. लोकर आणि रेशीम तुरटी सहज धरतात, सुती कापड धरत नाही. म्हणून कापड सोड्यात उकळून त्याची खळ काढायची, मग वजनाच्या १५ ते २० टक्के हिरडापूड पाण्यात कालवून त्यात ते बुडवायचे आणि न धुता उन्हात वाळवायचे. फिकट पिवळसर झालेले हे कापड आता धातू पकडायला तयार असते.

पडद्यातून, म्हणजे स्क्रीनच्या जाळीतून, छापायची ती तुरटी किंवा लोखंडाचे पाणी. गंजके लोखंडाचे तुकडे आणि गूळ पाण्यात दोन-तीन आठवडे आंबवले की काळपट द्रव मिळतो. चिंचोक्याच्या पुडीची किंवा गवार गमची खळ घालून तो दाट करायचा आणि मलमलीतून गाळायचा, नाहीतर जाळीची छिद्रे बुजतात. स्क्वीजी, म्हणजे खळ ओढायची रबरी पट्टी, एकदा ओढली की हिरड्याच्या कापडावर नक्षी डोळ्यांदेखत काळी होते. तुरटीची नक्षी जवळजवळ दिसतच नाही. ती मंजिष्ठेच्या उकळत्या पाण्यात लाल होऊन वर येते. त्या पाण्यात धायटीची फुले टाकली तर मोकळी जमीन, म्हणजे नक्षीबाहेरचे कापड, स्वच्छ राहते. मंजिष्ठेचा वेल आणि धायटीचे झुडूप, दोन्ही सह्याद्रीतलीच. लोखंड जास्त झाले तर मात्र कापड कालांतराने त्याच जागी विरते. हळदीचा पिवळा उन्हात उडतो, पळसाच्या फुलांचाही फार भरवशाचा नाही. ग्राहकाला हे आधी सांगावे. बाजारात ‘नैसर्गिक’ म्हणून मिळणाऱ्या लाल छपाईत पुष्कळदा कारखान्यातले अ‍ॅलिझरिन असते. ते वापरायला माझी हरकत नाही, लपवायला आहे.

पर्यावरणस्नेही छपाईचा विचार बहुतेक वेळा रंगापाशीच थांबतो. १९९७ मध्ये भारत सरकारने ७० अ‍ॅझो रंगांवर बंदी घातली, त्यामुळे रंगांबद्दलची जागरूकता वाढली. पण पडद्याचे काय? सॅम्युएल सायमनने १९०७ मध्ये मँचेस्टरला स्क्रीन छपाईचे पेटंट घेतले तेव्हापासून तंत्र पुष्कळ बदलले. तरी लहान कारखान्यांत पडद्यावर नक्षी उतरवायला आजही बायक्रोमेट वापरले जाते. त्यातले क्रोमियम घातक असते, आणि पडदा धुतला की ते मोरीतून वाहून जाते. पिगमेंट छपाईच्या जुन्या पद्धतीत केरोसीनची पांढरी पेस्ट लागे, प्लास्टिसोल शाईत तर पीव्हीसीच असते. वर मंजिष्ठा आणि खाली बायक्रोमेट, असे कापड मी पर्यावरणस्नेही मानणार नाही. बायक्रोमेटऐवजी डायझो किंवा फोटोपॉलिमर इमल्शन मिळते. साध्या आकृत्यांना कापलेला कागदी स्टेन्सिलही पुरतो.

हिरडस मावळ ज्या भोर तालुक्यात येते तिथे आणि शेजारच्या वेल्ह्यात मोरीतल्या पाण्याचा हा प्रश्न जास्त टोकदार आहे. वेळवंडीवरचे १९२८ साली पूर्ण झालेले भाटघर धरण नीरेच्या कालव्यांतून बारामती, फलटणची शेती भिजवते. वेल्ह्यातल्या पानशेतचे पाणी खडकवासल्यातून पुण्याच्या नळांना येते. इथल्या मोरीत काय जाते, त्याचा हिशेब खालच्या लाखो माणसांशी जोडलेला आहे. तुरटी-लोखंडाचे धुण्याचे पाणी टाकीत साठवून चुन्याची निवळी घातली की गाळ तळाशी बसतो. खर्च अगदी थोडा, पण टाकी आधी बांधायला हवी.

दुसरी काळजी झाडांची. सह्याद्रीतली महादेव कोळी कुटुंबे उन्हाळ्यात बाळहिरडा, म्हणजे आठळी धरण्याआधीचे कोवळे फळ, गोळा करून विकतात. औषधासाठी त्याला भाव येतो. छपाईला लागतो तो पिकून गळलेला हिरडा. त्यालाही योग्य भाव मिळाला, तर काही फळे झाडावर पिकू द्यायला, म्हणजे नव्या झाडांसाठी बी उरायला, कारण मिळेल. छपाई शिकणाऱ्यांनी शहरातल्या दुकानातून हिरडापूड आणण्याऐवजी गोळा करणाऱ्यांकडूनच थेट, चांगला दर देऊन हिरडा घ्यावा. आणि कापड विकत घेणाऱ्यांनी विक्रेत्याला रंगाच्या नावाबरोबर एवढेही विचारावे : धुण्याचे पाणी कुठे सोडता?